गाडीची जाहिरात वाचायची कशी: सोलापुरात पहिली चारचाकी घेणाऱ्यांसाठी

पितृपक्ष संपत आला की सोलापुरात पेपरचं पहिलं पान गाडीचं होतं. पानभर गाडी, मागे ढगाळ डोंगर, खिडकीतून डोकावणारं लेकरू, सणाचा आनंद घरी आणा अशा अर्थाची एक ओळ, आणि तळाला भिंग लावून वाचावीत अशी बारीक अक्षरं. पार्क चौकात मान वर केली तर फलकावर तीच गाडी. मोबाइल उघडला तरी तीच.

नात्यात किंवा ओळखीत कुणी पहिली गाडी घ्यायला निघालं की असं कात्रण किंवा त्याचा फोटो माझ्याकडे येतो आणि खाली प्रश्न असतो, "घेऊ का?" कोणती गाडी घ्यावी ते मी इथे सांगणार नाही. या जाहिरातीतून आपल्या कामाचं काय काढायचं आणि तिथून डिलिव्हरीपर्यंत कसं जायचं, ते क्रमाने सांगतो. हाताशी एवढं ठेवा: जाहिरातीचं कात्रण, कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवलेलं ब्रोशर, एक वही आणि कॅल्क्युलेटर.

१. एका जाहिरातीतल्या तीन गाड्या वेगळ्या करा

पहिली गाडी चित्रातली. ती बहुतेक वेळा टॉप मॉडेल असते: अलॉय व्हील, सनरूफ, दोन रंगांचं छत, पुढे एलईडीची पट्टी. दुसरी गाडी किमतीतली, म्हणजे '६.४९ लाखांपासून' वाली. हे बेस मॉडेल. त्यात यातलं काहीच नसतं, कधीकधी मागच्या काचा हाताने फिरवाव्या लागतात. तिसरी गाडी मायलेजची. तिथे आकड्याच्या आधी किंवा नंतर 'पर्यंत' हा शब्द असतो, कारण तो आकडा कंपनीच्या सगळ्या इंजिन-गिअर जोड्यांमधला सर्वांत चांगला असतो. तो सीएनजीचा असेल, हायब्रिडचा असेल किंवा फक्त मॅन्युअल गिअरचा.

तुम्ही शेवटी घेणार असता ती चौथीच. म्हणजे मधलं मॉडेल, बहुधा पेट्रोल, आणि घरात दोघं चालवणार असाल तर कदाचित ऑटोमॅटिक. ती जाहिरातीत कुठेच नसते.

म्हणून वहीत पहिलं पान असं करा: 'चित्र', 'किंमत', 'मायलेज' आणि 'माझी गाडी' असे चार रकाने. ब्रोशरच्या शेवटच्या पानांवर मॉडेलनुसार तक्ता असतो, बरोबरच्या खुणा आणि आडव्या रेघांचा. जाहिरातीत दिसलेली प्रत्येक गोष्ट त्या तक्त्यात शोधा आणि ती 'माझी गाडी' या रकान्यात येते का ते बघा. वेळ काढून करण्याचं काम आहे. शोरूमला जायच्या आधी, घरी बसून करा. तिथे एसी, कॉफी आणि नव्या सीटचा वास असतो. तक्ता वाचायला ती जागा बरी नाही.

तळाची बारीक अक्षरंही वाचा. 'चित्रातील ॲक्सेसरीज मूळ गाडीचा भाग नाहीत' म्हणजे त्याचे पैसे वेगळे. 'ऑफर निवडक मॉडेलवर, साठा असेपर्यंत' म्हणजे ज्या मॉडेलला मागणी कमी, त्यावर ऑफर जास्त असण्याची शक्यता. 'कर्ज फायनान्स कंपनीच्या निर्णयावर अवलंबून' म्हणजे जाहिरातीतला हप्ता तुम्हाला मिळेलच असं नाही. जाहिरात क्षेत्राने स्वतःवर लक्ष ठेवायला १९८५ मध्ये ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया ही संस्था काढली. तिच्या नियमांत तळटीप मुख्य दाव्याचा खुलासा करू शकते, पण तो खोडून काढू शकत नाही. वर मोठ्या अक्षरात 'मोफत' आणि खाली बारीक अक्षरात 'शुल्क लागू' असं दिसलं तर ते नियमात बसत नाही, हे ध्यानात असू द्या. शेवटच्या पायरीला उपयोगी पडेल.

२. जाहिरात कुठे बोट ठेवते ते ओळखा

गाडीच्या जाहिरातीला दोन कामं एकदम करायची असतात: तुम्हाला गाडी हवीशी वाटायला लावायची, आणि ती हवीशी वाटण्याबद्दल घरात द्यायला एक व्यवहारी कारण हाती द्यायचं. नुसत्या भावनेवर मध्यमवर्गीय माणूस आठ-दहा लाख काढत नाही. नुसत्या हिशोबावर तर गाडी निघतच नाही, कारण हिशोब केला तर बऱ्याच जणांना रिक्षा आणि एसटी स्वस्त पडते.

आपल्याकडच्या कंपन्यांनी हे मिश्रण अनुभवातून शिकलं. १९९८ मध्ये ह्युंदाईने सँट्रो आणली तेव्हा कंपनीचं नाव इथे कुणाला माहीत नव्हतं आणि गाडीचा उंच डबा लोकांना विचित्र वाटत होता. त्यांनी शाहरुख खानला घेतलं, पण नुसतं हसत उभं केलं नाही. जाहिरातीत तोच कंपनीला शंका विचारत होता. गिऱ्हाइकाच्या मनातले रोकडे प्रश्न नटाच्या तोंडी घातले. त्याच वर्षी आलेल्या टाटा इंडिकाचं 'मोअर कार पर कार' हे वाक्य तर सरळ पैसे वसूल होण्याबद्दलचं होतं, आणि तरी त्यात अभिमान होता. मारुतीच्या 'कितना देती है?' या जाहिरातींमध्ये भलीमोठी, महागडी वस्तू समोर असतानाही आपला माणूस मायलेजच विचारतो. काटकसरीवर हसता हसता तिचं कौतुक करून घेतलं.

उलटं उदाहरण नॅनोचं. जानेवारी २००८ मध्ये दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत ती दाखवली तेव्हा मागची गोष्ट भावनेची होती: पावसात एका स्कूटरवर चाललेलं चौघांचं कुटुंब. पण लोकांच्या डोक्यात राहिला तो एक लाखाचा आकडा आणि 'सर्वांत स्वस्त' हा शिक्का. दारात सर्वांत स्वस्त गाडी उभी आहे हे चारचौघांत सांगायला कुणाला आवडेल? हा शिक्का गाडीला भोवला हे पुढे खुद्द रतन टाटांनीही बोलून दाखवलं, आणि २०१८ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. गाडी घेताना आपण मान विकत घेतो, यात लाजण्यासारखं काही नाही. त्याचे किती पैसे देतोय ते मात्र ठाऊक असावं.

म्हणून वहीच्या दुसऱ्या पानावर जाहिरातीतलं दृश्य लिहा आणि समोर त्याची परीक्षा लिहा. काही नेहमीची दृश्यं घेतो.

*आईवडील मागच्या सीटवर हसतायत.* तर आईला शोरूमला न्या. गुडघे दुखणाऱ्या माणसाला खाली वाकून शिरावं लागणारी सेडान जड जाते आणि फार उंच एसयूव्हीत पाय टाकणंही जड जातं. मांडीच्या उंचीला येणारी सीट सगळ्यात सोयीची. दार किती उघडतं, धरायला हँडल आहे का, मागे एसीचा झोत येतो का, हे त्यांनी स्वतः बसून सांगायचं. अक्कलकोट चाळीसेक किलोमीटर, तुळजापूर पंचेचाळीसच्या आसपास, पंढरपूर सत्तरच्या पुढे. सोलापूरच्या घरातली गाडी या वाऱ्या करणारच, आणि मागे बसणारी मंडळी तीच असणार.

*लेकरू सनरूफमधून हात पसरून उभं आहे.* धावत्या गाडीत हे धोक्याचं आहे, परीक्षा घ्यायची गरजच नाही. आता सनरूफचं बोलू. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. डोक्यावर काच, काचेवर ते ऊन, आणि आत कापडाचा पातळ पडदा. एसीला ते ओझंच. ज्यांना आभाळ बघायचंय त्यांनी जरूर घ्यावं, पण सनरूफ असलेलं आणि नसलेलं मॉडेल यांच्या किमतीतला फरक वहीत लिहून मग घ्यावं.

*रिकामा, वळणावळणाचा रस्ता.* तुमचा रस्ता नवी पेठेतला आहे. किंवा पूर्व भागातली गल्ली, जिथे समोरून सुताचे गठ्ठे घेतलेला टेम्पो येतो आणि तुम्हालाच मागे घ्यावं लागतं. गाडीची लांबी, वळायला लागणारी जागा, मागचा कॅमेरा आणि क्लच किती हलका, हे तिथे कामाचं. गड्डा यात्रेच्या दिवसांत सिद्धेश्वर मंदिराच्या बाजूने एकदा गाडी काढून बघा, एकशे वीस अश्वशक्तीचं काय करायचं असा प्रश्न पडतो.

*शेजारी वळून बघतात.* याची परीक्षा नाही, किंमत आहे. मधल्या आणि टॉप मॉडेलमधला फरक घ्या, त्यातून खरोखर वापरणार त्या सोयींची किंमत वजा करा, उरलेली रक्कम 'मानाचे पैसे' म्हणून लिहा. ती रक्कम बघूनही घ्यावंसं वाटलं तर निःशंक घ्या.

जाहिरातीत नसलेलं एक दृश्य तुम्ही घाला: बायको गाडी चालवते आहे. अजूनही बहुतेक जाहिरातींत ती शेजारच्या सीटवर असते. घरात ती चालवणार असेल तर ड्रायव्हर सीटची उंची बदलता येते का, पेडलपर्यंत पाय नीट पोचतो का, बॉनेटची कड दिसते का, हे तिने ठरवायचं. सीटची उंची बदलायची सोय बेस मॉडेलमध्ये बऱ्याचदा नसते.

३. मायलेजचा आकडा प्रयोगशाळेतून रस्त्यावर आणा

जाहिरातीतला आकडा खोटा नसतो. तो दुसऱ्या परिस्थितीतला असतो. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे एआरएआय, किंवा अशीच मान्यताप्राप्त संस्था गाडी रोलरवर चढवते आणि ठरलेल्या क्रमाने चालवते. हा क्रम साधारण वीस मिनिटांचा, कमाल वेग ताशी ९० किलोमीटर, खोलीचं तापमान २० ते ३० अंशांच्या दरम्यान, एसी बंद. सगळ्या कंपन्यांना एकाच मापाने मोजायला ही पद्धत ठीक आहे. मे महिन्यात जुळे सोलापुरातून होटगी रोडला दुपारी दोन वाजता एसी बंद ठेवून कोण जातं?

माझा ढोबळ हिशोब: शहरात जाहिरातीतल्या आकड्याच्या दोन तृतीयांश धरायचं, पुणे रोडला ८०-९० च्या वेगाने चार पंचमांश. याहून जास्त मिळालं तर आनंदच. आता हे रुपयांत बसवा. समजा महिन्याला ८०० किलोमीटर फिरणं आहे आणि पेट्रोल १०५ रुपये धरलं. जाहिरातीतल्या २२ च्या मायलेजने महिन्याचा खर्च सुमारे ३,८०० रुपये येतो. १५ च्या प्रत्यक्ष मायलेजने ५,६०० रुपये. हा अठराशेचा फरक दर महिन्याचा आहे, आणि हप्त्याचा हिशोब करताना तोच विसरला जातो.

खात्री करायची तर तीच गाडी, तेच इंजिन, तोच गिअर असलेला मालक गाठा. 'चांगलं देते की' हे उत्तर चालणार नाही. टाकी फुल करून, दोनेकशे किलोमीटर चालवून, पुन्हा त्याच पंपावर फुल करून किती लिटर बसलं, हे विचारा. डॅशबोर्डवरचा आकडा अनेक गाड्यांत थोडा खुशामत करणारा असतो.

सीएनजीच्या जाहिरातीत डिकी उघडलेली क्वचितच दाखवतात. डिकी उघडायला लावा, घरातली प्रवासी बॅग सोबत नेऊन ठेवून बघा. आणि तुमच्या रोजच्या वाटेवर पंप आहे का, रांग किती असते, हे संध्याकाळी स्वतः जाऊन बघा. इलेक्ट्रिक गाडीची 'एका चार्जमध्ये इतके किलोमीटर' ही रेंजही अशीच ठरावीक चाचणीतली असते. तिथेही कात्री लावूनच पुण्याचे अडीचशे किलोमीटर मोजा.

४. ताऱ्यांची तारीख बघा

सुरक्षेची जाहिरात ही भावना आणि आकडा यांची सगळ्यात घट्ट गाठ आहे. मागे झोपलेलं बाळ आणि वर पाच तारे. यात चांगलं हे की तारे तपासता येतात. २०१८ मध्ये टाटा नेक्सॉनला ग्लोबल एनकॅप या गाड्यांची धडक-चाचणी घेणाऱ्या संस्थेचे पाच तारे मिळाले, भारतात बनलेल्या गाडीला पहिल्यांदाच, आणि तेव्हापासून ताऱ्यांवर गाड्या विकता येतात हे कंपन्यांना उमगलं. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपली भारत एनकॅप चाचणी सुरू झाली. त्यात समोरून ताशी ६४ किलोमीटरने धडक, बाजूने ५० ने, आणि खांबावर बाजूने २९ ने. मोठ्यांसाठी गुण ३२ पैकी आणि मुलांसाठी ४९ पैकी, दोन्हींचे तारे वेगळे.

बघायच्या गोष्टी तीन. जाहिरातीत पाच तारे कुणासाठीचे आहेत, मोठ्यांचे की मुलांचेही? चाचणी कोणत्या वर्षीची? ग्लोबल एनकॅपने जुलै २०२२ पासून नियम कडक केले, त्यामुळे जुने पाच आणि नवे पाच सारखे नाहीत. आणि तारे तुम्ही घेताय त्या मॉडेलला लागू आहेत का? भारत एनकॅपच्या संकेतस्थळावर गाडीनुसार निकाल आहेत.

घरात लहान मूल असेल तर मागच्या सीटला आयसोफिक्सचे, म्हणजे चाइल्ड सीट अडकवायचे हूक आहेत का ते हाताने चाचपून बघा. मागच्या बेल्टचं बक्कल सीटखाली दाबून टाकायची आपली सवय मोडा. मागे बसणाऱ्यालाही बेल्ट सक्तीचा आहे, आणि १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय बसवलं तर हजार रुपये दंड आहे.

५. 'पासून' ते ऑन-रोड

आता 'माझी गाडी' हा रकाना भरायचा, तो ऑन-रोड किमतीने, म्हणजे कर, विमा, फी सगळं धरून. शोरूमकडून लेखी कोटेशन घ्या, प्रत्येक रक्कम वेगळ्या ओळीत. यात काय काय असतं:

- एक्स-शोरूम किंमत. जीएसटी यात धरलेला असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, पेट्रोल १२०० सीसी आणि डिझेल १५०० सीसीपर्यंतच्या गाड्यांना १८ टक्के, त्याहून मोठ्यांना ४० टक्के, इलेक्ट्रिकला ५ टक्के. इतक्या गाड्या 'चार मीटरच्या आत' का बसवतात, ते इथे कळतं.
- रोड टॅक्स. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरच्या १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के, डिझेलला १३. त्यावर गेलात की टक्केवारी चढते. आठ लाखांच्या पेट्रोल गाडीला म्हणजे ८८ हजारांच्या आसपास.
- विमा. नव्या गाडीला थर्ड पार्टी तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो.
- नोंदणी फी, नंबर प्लेट, फास्टॅग. कर्ज असेल तर बोजा चढवायची फी.
- किंमत १० लाखांवर गेली तर १ टक्का टीसीएस, म्हणजे शोरूम तुमच्याकडून घेऊन सरकारकडे भरतं तो आगाऊ आयकर. हा इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये वळता करून घेता येतो, विसरू नका.

दहा लाखांची ही रेघ महत्त्वाची. ९ लाख ९५ हजारांच्या मॉडेलवरून 'फक्त पंचवीस हजार जास्त' म्हणून वरच्या मॉडेलवर गेलात की टॅक्सची टक्केवारीही वाढते आणि टीसीएसही लागतो.

सापळे इथेच जास्त आहेत. 'हँडलिंग चार्ज' किंवा 'लॉजिस्टिक' नावाची ओळ दिसली तर ती कशाची, हे विचारा आणि काढायला सांगा. शांतपणे, पण कोटेशनवर पेन ठेवून. विमा शोरूमकडूनच घ्यायची सक्ती नसते. बाहेरच्या दोन कंपन्यांचे दर त्याच आयडीव्हीला (विम्यात धरलेली गाडीची किंमत), त्याच झिरो-डेपला (घसारा न कापता भरपाई) काढून समोर ठेवा, बऱ्याचदा शोरूमचा आकडा खाली येतो. मॅट, सीट कव्हर, कोटिंग यांचं 'कम्पल्सरी पॅकेज' नाकारता येतं. आणि रोख दोन लाख किंवा त्याहून जास्त देऊ नका. समोरच्याला ती घेताच येत नाही, आयकर कायद्याने.

आपण सीमेवर राहतो म्हणून एक खास सापळा: विजापूर किंवा कलबुर्गीच्या पाहुण्यांच्या पत्त्यावर गाडी घ्यायची सूचना कुणीतरी करतंच. बाहेरच्या राज्यातली गाडी इथे बारा महिन्यांवर ठेवली तर पुन्हा नोंदणी करून एमएच-१३ चा नंबर घ्यावा लागतो, इथला टॅक्स भरावा लागतो, आणि तिकडच्या टॅक्सच्या परताव्यासाठी तिकडच्या ऑफिसात हेलपाटे. नकोच ते.

६. हप्त्याची जाहिरात

'महिना फक्त ९,९९९' या आकड्यात मुद्दल, मुदत आणि डाउन पेमेंट लपलेलं असतं. तिन्ही विचारा. आठ लाखांचं कर्ज ९ टक्क्यांनी, कमी होत जाणाऱ्या शिलकीवर, पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता सुमारे १६,६०० आणि एकूण व्याज १ लाख ९६ हजार. सात वर्षांना हप्ता १२,८७० पर्यंत खाली येतो, व्याज मात्र २ लाख ८१ हजार. 'फ्लॅट रेट' असा शब्द आला तर तिथेच थांबा. त्यात फेडलेल्या मुद्दलावरही शेवटपर्यंत व्याज लागतं, म्हणून दिसायला कमी टक्के प्रत्यक्षात जवळपास दुपटीला जातात.

शोरूममधल्या बोलण्याची एक लकब ध्यानात घ्या. तुम्ही आकडा विचारला की उत्तर भावनेचं येतं: "साहेब, गाडी काय रोज घेतो का माणूस!" आणि तुम्ही भावनेत आलात, टॉप मॉडेलच्या सीटवरून हात फिरवत बसलात, की उत्तर आकड्यात येतं: "महिन्याला दोनच हजार वाढतात बघा." जाहिरातीतलं मिश्रणच समोरासमोर चालू असतं. समोरचा विक्री करणारा मुलगा आपलं काम करतोय, त्याच्यावर राग धरू नका. आकडा विचारलाय तर आकडा मिळेपर्यंत गप्प बसा, इतकंच.

७. मुहूर्त

पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा, धनत्रयोदशी. मुहूर्तावर गाडी घरी यावी असं वाटत असेल तर बुकिंग बरंच आधी करा. त्या आठवड्यात शोरूमकडे घासाघीस करायला वेळ नसतो आणि गरजही नसते. पितृपक्षात शोरूम ओस असतात. बोलणी तेव्हा करून डिलिव्हरी दसऱ्याची मागितली तर दोन्ही साधतं. डिसेंबरच्या ऑफर चांगल्या असतात, पण गाडीवर त्या वर्षाचा शिक्का बसतो. चार-पाच वर्षांत विकणार असाल तर सूट त्या मानाने भरपूर हवी, दहा वर्षं ठेवणार असाल तर फरक पडत नाही.

८. टेस्ट ड्राइव्ह आणि सर्व्हिसची चौकशी

शोरूमच्या समोरचा गुळगुळीत फेरा पुरेसा नाही. दुपारी बारानंतर जा, गाडी उन्हात उभी असू द्या, मग पाच माणसं बसवून एसी लावा आणि मागच्यांना किती वेळात गार वाटतं ते बघा. भरल्या गाडीत मोठ्या गतिरोधकावरून जा. खाली घासते का ऐका. टेस्ट ड्राइव्हला बहुधा टॉप मॉडेल देतात, म्हणजे पुन्हा चित्रातली गाडी. तुमच्या मॉडेलचं इंजिन आणि गिअर तेच आहेत का, टायरचं माप तेच आहे का, विचारून घ्या.

'देशभर सेवेचं जाळं' याचा अर्थ सोलापुरात काय, हे वर्कशॉपमध्ये जाऊन विचारा. शोरूममध्ये नव्हे, वर्कशॉपमध्ये. अपघाताचं काम, रंगकाम इथे होतं की गाडी पुण्याला पाठवतात? बंपर, हेडलाइट मागवला तर किती दिवस? तिथे गाडी घेऊन आलेल्या दोन-तीन गिऱ्हाइकांशी चहाच्या टपरीवर बोला. ब्रोशरच्या वीस पानांत नसलेलं तिथे कळतं.

९. कागदपत्रं

आधार, पॅन, पत्त्याचा पुरावा (लाइट बिल चालतं), पासपोर्ट फोटो, विम्यासाठी वारसाचं नाव. कर्ज असेल तर नोकरदारांना पगाराच्या स्लिपा आणि सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, व्यावसायिकांना दोन-तीन वर्षांचे रिटर्न, शेती असेल तर सातबारा आणि आठ-अ. आरसीवर नाव आणि पत्ता आधारप्रमाणेच जातो. पत्ता बदलायचा असेल तर आधी तो बदला.

१०. डिलिव्हरी

पूर्ण पैसे भरायच्या आधी गाडी बघायला मागा, दिवसाउजेडी. चासी नंबर बिलावर आणि गाडीवर जुळवा. उत्पादनाचा महिना-वर्ष विचारा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. रंगात फरक, काचेवर ओरखडा, किलोमीटरचा आकडा बघा. विम्याच्या पॉलिसीवर मॉडेलचं पूर्ण नाव तुमचंच आहे ना? कागदांत विक्री प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म २१, कंपनीचं रस्तायोग्यतेचं प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म २२, बिल, पॉलिसी, टॅक्सची पावती आणि दोन्ही चाव्या. हार, नारळ, लाल फित आणि फोटो हे सगळं यानंतर. शोरूमवाले आधी फोटोला उभं करतात. हारामागे उभं राहून ओरखडा दाखवायला संकोच होतो, हे त्यांनाही माहीत असतं.

११. जाहिरातीत सांगितलेलं मिळालं नाही तर

पहिल्या दिवशी ठेवलेलं कात्रण इथे लागतं. त्यावर पेपरची तारीख दिसायला हवी. ऑनलाइन जाहिरात असेल तर तारखेसह स्क्रीनशॉट, कारण ती दोन आठवड्यांत गायब होते. तोंडी आश्वासनं व्हॉट्सॲपवर लिहून घ्या: "आज बोलल्याप्रमाणे पाच वर्षांची वॉरंटी मोफत, बरोबर ना?" समोरून 'हो' आलं की झालं.

आधी शोरूमला आणि कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. फोनवर तक्रार नोंदवता येते. जाहिरातीचा दावाच दिशाभूल करणारा असेल तर वर सांगितलेल्या कौन्सिलकडेही तक्रार जाते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण अशा जाहिरातीसाठी १० लाखांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. जाहिरात करणारा नटही यातून सुटत नाही.

तेवढ्याने भागलं नाही तर सोलापूरचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. ५० लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार तिथे चालते आणि तुम्ही राहता तिथेच दाखल करता येते, कंपनीचं ऑफिस मुंबई-दिल्लीला असलं तरी. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. ५ ते १० लाखांच्या गाडीला फी २०० रुपये, १० ते २० लाखांना ४०० रुपये. वकील सक्तीचा नाही, स्वतः उभं राहता येतं. सोबत न्यायचं ते कात्रण, कोटेशन, बिल, आणि व्हॉट्सॲपच्या संभाषणाची छापील प्रत.